विहिरीपासून बारा पावलं

निशिकांत उकिडवे या माणसाला मी चौदा वर्षं पुरती ओळखते, असा माझा समज होता. दोन हजार पंधरा सालच्या ऑगस्टमध्ये एका मंगळवारी संध्याकाळी, माझ्याच फ्लॅटमध्ये, माझ्याच डायनिंग टेबलाशी तो समज मोडीत निघाला. त्याला आता काही वर्षं झाली, तरी तो धक्का ओसरलेला नाही. म्हणून लिहायला बसले.

आम्ही इथं परदेशात, बुकित बातोकला, एकाच ब्लॉकमध्ये राहतो. ते अकराव्या मजल्यावर, मी दहाव्या. ते सिव्हिल इंजिनियर, जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये. प्लांटचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. माणूस किडकिडीत, नीटनेटका, छत्रीशिवाय घराबाहेर न पडणारा आणि प्रत्येक गोष्टीची नोंद करणारा. पुण्याहून त्यांचा भाऊ दरवर्षी एक खिशातली डायरी पाठवतो, तिथी-वार छापलेली. त्यात ते रोज रात्रीच्या जेवणाआधी चार ओळी मराठीत लिहितात. वीस वर्षांच्या वीस डायऱ्या बुटांच्या खोक्यांत रांगेनं लावून ठेवलेल्या. त्यांची बायको मीनल म्हणते, ‘मी घर सोडून गेले तर हे आधी वेळ लिहून ठेवतील.’

आणि या माणसाला वेड होतं ग्रीसच्या बेटांचं. बेटांचं म्हणजे बेटुकल्यांचं. ज्या बेटावर हॉटेल आहे ते त्यांच्या लेखी बेटच नव्हे. मीनलला पॅरिस बघायचं होतं. तिला दोनदा ग्रीसला नेऊन उन्हात पडक्या खांबांमध्ये उभं केलं. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात दरवर्षी जेवणानंतर त्यांचं स्लाइडसह भाषण असे. जेवणानंतर कोण ऐकतंय? निम्मे लोक पेंगत, उरलेले मुलांना शोधायच्या निमित्तानं बाहेर सटकत. मी शेजारधर्म म्हणून पहिल्या रांगेत. मला त्यातलं बरंच पाठ झालं होतं. कॉर्फूजवळचं ‘उंदराचं बेट’, म्हणजे समुद्रदेवानं रागाच्या भरात दगड करून टाकलेलं एक जहाज. आणि त्यांचं लाडकं डीलोस.

डीलोसची गोष्ट सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. हे बेट म्हणे आधी समुद्रावर तरंगत भटकायचं. एका देवीला बाळंतपणाला जगात कुणी जागा देईना, तेव्हा त्या भटक्या बेटानं दिली, म्हणून देवांनी खांब ठोकून ते एका जागी कायम केलं. ही झाली दंतकथा. इतिहास असा, की पुढं अथेन्सच्या लोकांनी ठरवलं, हे बेट पवित्र ठेवायचं. तिथल्या सगळ्या कबरी उकरल्या, हाडं होड्यांत भरली आणि समोरच्या रिनिया बेटावर नेऊन पुरली. त्यानंतर डीलोसवर कुणी जन्मायचं नाही, कुणी मरायचं नाही. दिवस भरलेल्या बायकांना आणि शेवटच्या घटका मोजणाऱ्या म्हाताऱ्यांना होडीत घालून पलीकडे न्यायचे. सव्वाशे वर्षांपूर्वी रिनियावर तो खड्डा सापडला. हाडं, आणि हाडांबरोबर नेलेली मडकी. इथं निशिकांतरावांचे डोळे भरून यायचे. ‘बघा, कुणाच्या तरी आईनं ठेवलेलं ते मडकं! आणि काय ही माणसं, बेट साफ करायला निघाली!’

मला हसू यायचं, खरं सांगते. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यासाठी रडणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

जुरोंग आयलंडवर जाणं-येणं कंपनीच्या बसनं. गेटवर पास दाखवायचा, फोटो काढायला मनाई, संध्याकाळी परत. निशिकांतराव सोळा वर्षं ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसत. ड्रायव्हर जुमात नावाचा मलय गृहस्थ, सावळा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. बस सुरू झाली की निशिकांतरावांचं ग्रीस सुरू. मागची तरुण मंडळी कानात इयरफोन घालत. जुमातला ती सोय नव्हती. तो समोर बघत ‘या, या’, म्हणजे हो, हो, म्हणत राही. निशिकांतरावांना वाटे, आपल्याला एक रसिक मिळाला.

त्या ऑगस्टमध्ये जुमात निवृत्त व्हायचा होता. चौसष्ट वर्षांचा झाला होता, गुडघे कुरकुरत होते. नेमकी त्याच वेळी त्याची आई घरात पडली, मांडीचं हाड मोडलं आणि ती नोव्हेनाला आमच्या हॉस्पिटलात आली. मी तिथं फिजिओथेरपिस्ट आहे. निशिकांतरावांनी मला गाठलं, ‘शुभदाताई, आमच्या जुमातची आई तुमच्या वॉर्डात आहे, जरा लक्ष ठेवा.’

मी तिला आधीच ओळखत होते. चौऱ्याऐंशी वर्षांची, मुठीएवढी बाई. वॉर्डात सगळे तिला ‘माकचिक’, म्हणजे मावशी, म्हणत. ऑपरेशन नीट झालं होतं, पण हृदय थकलं होतं. ती फार दिवस काढणार नाही हे डॉक्टरांनी जुमातला सांगितलं होतं. मी रोज तिला उठवून चार पावलं चालवत असे. माझं मलय तीन शब्दांचं : दुखतंय, बसा, चाला. अठरा वर्षं या देशात राहून तीन शब्द. तेव्हा त्याचं मला काही वाटत नव्हतं.

रविवारी निशिकांतराव संत्री घेऊन आले. इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री. जुमात पलंगाशी होता. त्याची आई पाहुण्याकडे बघून हसली आणि काहीतरी विचारलं. जुमातनं आपल्या तुटक इंग्रजीत सांगितलं, ‘विचारते, सर कुठं काम करतात.’

निशिकांतरावांनी प्लांटचं नाव सांगितलं, कोणत्या बाजूला तेही सांगितलं. ते कुणालाही सगळं नकाशासकटच सांगतात.

म्हातारीनं जुमातकडे पाहिलं. जुमात म्हणाला, ‘ती म्हणते, ते तिचं बेट.’

‘म्हणजे?’

‘तिचं बेट, सर. तिथं लग्न होऊन आली. मी पण तिथलाच. चौदा वर्षांचा होईपर्यंत. आता जिथं तुमचा पंप हाऊस, तिथंच कुठंतरी आमच्या काकाचं घर.’

मी शपथेवर सांगते, निशिकांतरावांच्या हातातलं संत्रं खाली पडलं. जुरोंग आयलंड हे सात छोट्या बेटांच्या मधला समुद्र वाळूनं भरून केलेलं आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. नकाशावरच्या रेषा म्हणून ठाऊक होतं. त्या रेषांच्या आत घरं होती, लग्नं झाली, मुलं झाली, आणि त्यातलाच एक मुलगा रोज सकाळी आपल्याला गाडीतून तिथं नेतो, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आणि माझ्या तरी कुठं?

‘तुमचा जन्म बेटावरचा?’ ते जवळजवळ ओरडलेच. ‘छोट्या बेटावरचा? सोळा वर्षांत बोलला नाहीत?’

‘तुम्ही कधी विचारलं नाही लाह, सर,’ जुमात इथल्या लोकांच्या ‘लाह’सकट शांतपणे म्हणाला.

मला इतकी शरम वाटली की मी उगाचच पलंगाचा कठडा वर-खाली केला. पण निशिकांतराव पुढं सरसावले. बेटाची काही गोष्ट आहे का, दंतकथा? जुमातनं आईला विचारलं. ती हळूहळू सांगत होती, तो मधे थांबवून आम्हाला सांगत होता. गोष्ट अशी : त्यांचं बेट मुळात एक भटकी होडी. आज इथं, उद्या तिथं. सुरुवातीला आलेली माणसं सकाळी मासेमारीला जात आणि परत येतात तो बेट जागेवर नसे. बायका-मुलं बेटासकट गायब. मग एका म्हाताऱ्यानं बेटाच्या मधोमध विहीर खणली. समुद्र वीस पावलांवर, तरी पाणी गोड. ती विहीर म्हणजे बेटाचा खुंटा. विहीर उघडी आहे तोवर बेट कुठं जाणार नाही.

निशिकांतरावांचे डोळे विस्फारले. ‘डीलोस!’ ते मला म्हणाले. ‘शुभदाताई, ही डीलोसची गोष्ट आहे!’

पण माकचिकला गोष्ट सांगायची नव्हती, विचारायचं होतं. तिनं पांघरुणातून हात काढून निशिकांतरावांचं मनगट धरलं. तिची पहिली मुलगी, जुमातच्या आधीची, अकरा दिवसांची होऊन गेली होती. कल्सोम नाव. विहिरीपासून सूर्य उगवतो त्या दिशेला बारा पावलांवर एक चाफा होता, त्याच्या बुडाशी तिला ठेवलं. डोक्याशी एक आणि पायाशी एक, असे किनाऱ्यावरचे दोन दगड. पुढं बेट सोडताना मोठ्या माणसांच्या कबरी हलवल्या. त्यांची यादी झाली होती. कल्सोमचं नाव यादीत कुणी घातलं नाही. नवरा होडीत सामान भरत होता, ही आजारी सासूला सांभाळत होती. वाटलं, नंतर येऊन बघू. नंतर जाता आलं नाही.

आणि गेली पन्नास वर्षं ती पश्चिमेच्या किनाऱ्यावर जाऊन बेटाकडे बघत आली. तिथं एक उंच चिमणी आहे, तिच्या तोंडाशी रात्रंदिवस जाळ असतो. रिफायनरीवाले तिला फ्लेअर म्हणतात. म्हातारीला एवढंच विचारायचं होतं, की तो जाळ तिच्या मुलीच्या डोक्यावर तर नाही ना.

‘हिचं हेच,’ जुमात खाली बघून म्हणाला. ‘मी किती सांगितलं, नसेल. पण मला कुठं माहीत? सगळं सपाट. विहीर पण दिसत नाही.’

निशिकांतराव म्हणाले, ‘मी शोधून सांगतो. गुरुवारी.’ इतकं ठामपणे म्हणाले की मला त्यांचा अभिमान वाटला. खाली पडलेलं संत्रं उचलून, पुसून त्यांनी म्हातारीच्या उशाशी ठेवलं. पण लिफ्टमध्ये आम्ही दोघंच उरलो, तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं आणि चरकले. चेहरा पांढराफटक. ‘निशिकांतराव, बरं वाटत नाही का?’ तर म्हणाले, ‘विहीर.’ तेवढंच.

मंगळवारी संध्याकाळी ते खाली माझ्याकडे आले. हातात एक छोटी निळी डायरी. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. खुर्चीत बसले, चष्मा लावला, आणि एकही शब्द इकडचा तिकडचा न बोलता वाचून दाखवलं. मी ते जसंच्या तसं देते, कारण नंतर मी ते पान स्वतः पाहिलं.

‘बारा मार्च. पंप हाऊसच्या कोपऱ्यापासून ईशान्येस चाळीस मीटरवर जुनी विहीर. प्रवाळी दगडांचं कडं. बाजूस एक झाड, काही सुटे दगड. कामात अडथळा. विहीर काँक्रीटनं भरून घ्यावी. झाड काढावं, दगड हटवावेत.’

‘तेरा मार्च. मजूर काम करीत नाहीत. विहिरीपाशी उदबत्त्या लावून बसले आहेत. म्हणतात, इथं कुणीतरी आहे. अर्धा दिवस फुकट. त्यांना झापलं. अंधश्रद्धेचं कौतुक पुरे. स्पष्ट सांगितलं : इथं काहीही नाही.’

वाचून झाल्यावर त्यांनी डायरी माझ्यापुढं सरकवली. मी त्या ओळी पुन्हा वाचल्या. सुंदर, सरळ अक्षर. ‘काहीही नाही’च्या खाली रेघ. ते म्हणाले, ‘मागचं पान उघडा.’ डायरीच्या शेवटी कोऱ्या पानांवर त्याच शाईत, त्याच अक्षरात टिपणं होती. त्या वर्षी लायब्ररीतून ग्रीसवरची पुस्तकं आणायला त्यांनी सुरुवात केली होती. डीलोसच्या कबरी. रिनियाचा खड्डा. आणि शेवटी, अगदी बारीक अक्षरात : ‘कुणाच्या आईनं ठेवलेलं मडकं. काय माणसं ही!’

मला संताप आला. असा आला की मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासायला लागले, घासलेलीच. हाच माणूस! स्लाइड दाखवताना डोळे पुसणारा! विहिरीचं मोजमाप घेतलं, दगड बघितले, झाड बघितलं, उदबत्त्या लावणाऱ्या मजुरांना कळलं आणि याला कळलं नाही. मी तिथूनच ओरडले, ‘तुम्हाला एकदाही वाटलं नाही, की विहीर आहे म्हणजे तिचं पाणी कुणीतरी पीत असेल?’

‘नाही वाटलं,’ ते म्हणाले. ‘मला तेव्हा फक्त तारीख गाठायची होती.’

त्यांनी सबब सांगितली असती तर मी त्यांना हाकलून दिलं असतं. त्यांनी सांगितली नाही. मी हात पुसत परत आले. मग त्यांनी एक विचित्र प्रश्न विचारला.

‘ताई, तुमच्या त्या माकचिकची उंची धरून, अठरा-एकोणीस वर्षांच्या बाईचं पाऊल किती लांब पडेल?’

हा माझ्या धंद्यातला प्रश्न. मी म्हटलं, ‘साठ सेंटिमीटर धरा.’

‘हातात ओझं असेल तर?’

‘ओझं केवढं?’

‘दोन-अडीच किलो.’

‘अहो, दोन-अडीच किलोनं काय फरक पडतो पावलात—’ असं म्हणता म्हणता माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. अकरा दिवसांचं मूल. ते बाळंतीण बाईचं चालणं मोजत होते. मी म्हटलं, ‘पन्नास. पन्नासच धरा. ती हळू चालली असेल.’ त्यांनी ते यंदाच्या डायरीत लिहून घेतलं आणि निघून गेले. वरच्या मजल्यावर मीनलचा आवाज ऐकू आला, ‘जेवायचं नाही म्हणजे काय?’

गुरुवारी मी ड्युटी संपल्यावर वॉर्डातच थांबले. माकचिकला उशीला टेकवून बसवलं होतं. तिनं केस विंचरून घेतले होते, बांगड्या मागून घेतल्या होत्या. पाहुणा उत्तर घेऊन येणार म्हणून. जुमात ड्युटीचा शर्ट बदलून आला होता. त्याच्या नोकरीचे सात दिवस उरले होते.

निशिकांतराव आले ते निळी डायरी घेऊनच. मला वाटलं होतं, आधी उत्तर देतील. पण हा माणूस सुरुवात पहिल्या पानापासून करणारा. उभ्या उभ्या, शाळेत उभं केल्यासारखं, इंग्रजीत त्यांनी जुमातला सगळं सांगितलं. विहीर मी बुजवली. झाड मी काढलं. दगड मी हटवायला लावले. मी मजुरांना म्हटलं, इथं काही नाही. ‘हे आईंना सांगा,’ ते म्हणाले.

मी जुमातकडे बघायचं टाळत होते. मला भीती वाटत होती, हा रुंद खांद्यांचा माणूस आता निशिकांतरावांच्या कानाखाली आवाज काढणार, आणि आपण काही म्हणू शकणार नाही. आईनं त्याची बाही ओढली, ‘आपा? आपा दिया काता?’ काय, काय म्हणतोय तो?

‘हे मी सांगणार नाही, सर,’ जुमात म्हणाला. आवाज अजिबात चढला नव्हता. ‘तिच्या डोक्यात विहीर उघडी आहे. राहू दे. तुम्ही आधी सांगा, जाळ आहे की नाही?’

‘नाही.’ निशिकांतरावांनी डायरी मिटली. ‘फ्लेअर तिथून आठशे मीटरवर आहे. तिथं तेव्हा समुद्र होता. मी दोनदा तपासलं. जाळ नाही.’

जुमातनं आईला सांगितलं. म्हातारीचे खांदे खाली आले, म्हणजे अक्षरशः दोन बोटं खाली आले. दोन आठवडे मी ते खांदे सैल सोडायला तिला शिकवत होते. ते त्या एका शब्दानं झालं. डोळे मिटून ती काहीतरी पुटपुटली. मग डोळे उघडून तिनं विचारलं, मग तिथं काय आहे?

निशिकांतरावांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. त्यावर पेन्सिलीनं काढलेल्या दोन-तीन रेषा. ‘विहीर भरली तरी तिच्या आजूबाजूची जमीन भुसभुशीत राहिली,’ ते म्हणाले. ‘वजनदार काही ठेवायचं नाही असं मीच लिहून दिलं होतं. टाकी तिकडे सरकवली. ती जागा मोकळी सोडली आणि नंतर तिथं...’ त्यांनी कागदाची घडी पुन्हा उलगडली. ‘आज दुपारी मी पावलं मोजली. विहिरीच्या मध्यापासून पूर्वेला बारा. आधी साठची, मग पन्नासची. पन्नासची बारा पावलं संपली तेव्हा मी बसच्या दाराशी होतो. बस उभी करायची जागा, बे नंबर तीन. दार उघडं होतं, जुमात. तुम्ही आत झोपला होतात.’

मी भिंतीला हात टेकला. असलं काही ऐकायची माझी तयारीच नव्हती. सोळा वर्षं! रोज सकाळी माणसं उतरवून हा माणूस तिसऱ्या नंबरच्या बेमध्ये बस लावत होता, डबा खात होता, दुपारची डुलकी काढत होता. आपल्या बहिणीच्या डोक्याशी. आणि संध्याकाळी घरी जाऊन आईला सांगत होता, मला कुठं माहीत, सगळं सपाट.

जुमातचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. त्यावर दुःख नव्हतं. मागून कुणीतरी अचानक हाक मारली आणि वळून बघितलं तर कुणीच नाही, तसा तो दिसत होता. तो पलंगाच्या कडेवर बसला. आई बाही ओढत होती, ‘आपा? जुमात, आपा?’ शेजारच्या पलंगावरची चिनी आजी टीव्ही बंद करून आमच्याकडे बघायला लागली. मग जुमातनं आईचा हात दोन्ही हातांत घेतला आणि सांगितलं. मलयमध्ये, अगदी हळू. मला त्यातला ‘बस’ हा एकच शब्द कळला.

म्हातारीनं एक छोटासा प्रश्न विचारला. जुमातनं उत्तर दिलं. तिनं पुन्हा तोच विचारला, बोट नाचवून, दटावून. त्यानं पुन्हा तेच उत्तर दिलं, आणि आता तो रडत होता, चौसष्ट वर्षांचा माणूस, नाक वाहीपर्यंत.

‘काय म्हणाल्या?’ निशिकांतराव कुजबुजले.

‘विचारते,’ जुमात म्हणाला, ‘उभा असताना इंजिन चालू ठेवायचास की बंद?’

‘मग?’

‘बंद, सर. नेहमी बंद. एसी नाही, काही नाही. उकडून मरायचो, पण रूल आहे, बंदच ठेवायचं.’ त्यानं बाहीनं तोंड पुसलं. ‘ती म्हणते, मग ठीक. मग तिची झोप मोडली नसेल.’

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि हुंदके दिले. पंचवीस वर्षं हॉस्पिटलात काढलेली बाई मी, मला रडायला नळ सोडावा लागला.

माकचिक पुढच्या आठवड्यात घरी गेली. शेवटच्या दिवशी मी तिला धरून बारा पावलं चालवली. मी मुद्दाम मोजली नव्हती, तिनं मोजली. मराठी मंडळाच्या कमिटीला निशिकांतरावांनी कळवून टाकलं, की यंदा भाषण नाही. कुणाला फारसं दुःख झालं नाही. मीनल मात्र घाबरली होती. घरात अळीमिळी गुपचिळी, जेवण नावाला. अठ्ठ्याण्णवची डायरी टेबलावरच असे. ‘काहीही नाही’वर त्यांनी काट मारली नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, ‘ते मी लिहिलंय, ते तसंच राहायला हवं.’ त्याखाली नवीन शाईनं ओळ होती : ‘कल्सोम. वय दिवस अकरा. बे क्रमांक तीन.’

जुमातच्या नोकरीचा शेवटचा दिवस शुक्रवार. त्या दिवशी गेटवरून बाहेर पडताना त्याचा पास परत घेणार होते. एकदा पास गेला की बेटावर पुन्हा पाऊल टाकता येणार नव्हतं, त्याला काय आणि कुणाला काय. डीलोसपेक्षा कडक कारभार.

संध्याकाळी साडेसहाला बस आमच्या ब्लॉकपाशी येते. सात वाजले तरी निशिकांतराव वर आले नाहीत तेव्हा मीनल माझ्याकडे आली आणि आम्ही दोघी खाली गेलो. बस कार पार्कच्या कोपऱ्यात उभी होती. इंजिन बंद, दिवे बंद, दार उघडं. बाकीची माणसं कधीच घरी गेली होती. आत दोनच डोकी. निशिकांतराव नेहमीच्या जागी, ड्रायव्हरच्या मागे. जुमात स्टिअरिंगकडे पाठ करून, त्यांच्याकडे वळून बसलेला. त्याचे हात हवेत काहीतरी दाखवत होते. इथं घर, इथं होड्या, इथं किनारा, असं काहीसं. मधेच तो हसला, मधेच थांबला, पुन्हा सुरू झाला.

‘बोलावू का?’ मी विचारलं. ‘जेवण गार होईल.’

मीनल टाचा उंचावून काचेतून आत बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर विश्वास न बसल्यासारखं काहीतरी होतं.

‘शुभदा,’ ती शेवटी म्हणाली, ‘ह्यांचं तोंड बंद आहे बघ. एकतीस वर्षांत पहिल्यांदा बघतेय.’

आम्ही पावणेआठपर्यंत तिथंच उभ्या होतो.